बोटभर कमी

४ मार्च

चिंगे,

सातव्या भागाची पहिली आठ प्रकरणं प्रकाशकांकडून आली. जेवून वाचायला बसले, ते चुकलंच. अंगावर पाल पडावी तसं झालं.

काय करून ठेवलंस गं तू त्या पोराचं?

सहा भाग ठिणग्या कसा होता? तळहातावर निखारे फुलवत हिंडायचा, अंधारात अडकलेल्यांना वाट दाखवायचा, राखबाबांच्या दाढीला चुकून आग लावायचा आणि स्वतःच फुंकर मारून विझवायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. आणि आता हा चौदा वर्षांचा घोडा पहिल्या पानापासून दारं आपटतोय. आठ प्रकरणांत अकरा वेळा दार आपटलंय त्याने, मी खुणा केल्यात. गुहेला दार कुठून आलं, ते एक तूच जाणे. जेवत नाही. अंघोळ करत नाही. ज्या राखबाबांनी त्याला लहानाचा मोठा केला, त्यांचं मडकं लाथेने फोडतो. ढालवाली सहा भाग त्याच्यासाठी बाण झेलत आली, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आणि कपाळावर पुटकुळ्या! 'पिकलेल्या' असंही लिहिलंयस. त्या मी रंगवायच्या? मुखपृष्ठावर?

खरं सांगते, किळस आली. पंधरा वर्षं ज्याच्याकडे हक्काने जावं, त्याने दारातच तोंडावर ढेकर द्यावी, तसं वाटलं.

बरं, कारण म्हणावं तर कुठेच नाही. कोणी मारलं नाही, हाकललं नाही, नुसता धुमसतोय. म्हणजे वय. वयच तसं असतं, मला का कळत नाही? माझ्या लेकाने चौदा ते सतरा ही तीन वर्षं 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर काढली. त्याच्या मोज्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. पण त्याच्यावर कोणी दोनशे पानं लिहिली नाहीत. अशा पोरांना जेवायला घालायचं आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवायचं. पुस्तकात घ्यायचं नाही.

हे तुला फोनवरच सांगितलं असतं. पण आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तू माझा फोन घेत नाहीस. का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू लिहिणार, मी चित्रं काढणार, आणि प्रकाशक मधे बसून दोघी बहिणींचे कागद इकडचे तिकडे करणार. माझ्या कच्च्या चित्रांवर तू हिरव्या पेन्सिलीने शेरे मारतेस, तेवढंच आपलं बोलणं. मला मात्र तोंड मिटून काम करता येत नाही, म्हणून ही पत्रं. वाच, नाहीतर काचा पुसायला घे.

सोबत चौदा वर्षांच्या ठिणग्याची तीन चित्रं. पुटकुळ्या काढलेल्या नाहीत.

ताई


१९ मार्च

चिंगे,

तिन्ही चित्रं परत आली. तिन्हींवर हिरव्या पेन्सिलीत एकच ओळ: 'रागावलेला नको. फसवलेला हवा.'

मग नवीन पाच काढली. तीही परत. पहिल्यावर 'हा रुसलाय.' दुसऱ्यावर 'याचं पोट दुखतंय.' तिसऱ्यावर नुसती फुली. चौथ्यावर 'भुवया कमी.' पाचव्यावर तू काहीच लिहिलं नाहीस, फक्त चहाच्या कपाचा गोल डाग उमटवलास, आणि तो चुकून पडलेला नाही एवढं मला कळतं.

मी तीस वर्षं हेच काम करतेय. राक्षस काढलेत, उपाशी लांडगे काढलेत, आरोग्याच्या पुस्तकात किडलेली दाढ काढलीय, तीही दंतवैद्याने नावाजली होती. मला आजवर कोणी 'भुवया कमी' म्हणून शिकवलेलं नाही. मी तुझं काय घोडं मारलंय?

काल आरशासमोर बसून स्वतःच फसवलेलं तोंड करून पाहिलं. त्रेपन्न वर्षांची बाई, केसांचा रंग अर्धा उतरलेला, ओठ बाहेर काढून बसलेली. शिसारी आली. जावयाला सासू नको असते तेव्हा सासू असंच तोंड करत असेल. त्यात फसवणूक कुठे दिसेना.

प्रकाशकांचाही फोन आला. "मॅडम, पान एकशे अकरा पूर्ण चित्राचं आहे. ठिणग्या मूठ उघडून बघतो तो क्षण. त्या चेहऱ्यावर सगळं पुस्तक उभं आहे."

मी म्हटलं, "मग लेखिकाबाईंना म्हणावं, तुमचा नायक तोंड वाकडं करून का बसलाय ते एकदा लिहा."

"ते नवव्या प्रकरणात आहे म्हणे. ते त्या अजून देत नाहीत. आधी चेहरा बघायचाय म्हणतात."

आधी चेहरा आणि मग कारण! असं कोण काम करतं? मला परीक्षेला बसवलंयस का?

आणि वाचकांचं ऐक. सहाव्या भागाच्या शेवटी तो राखबाबांवर ओरडतो ना, त्यावर एका अकरा वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. प्रकाशकांनी मला वाचून दाखवलं. 'ठिणग्या असा का वागला? त्याला कोणी काही केलं का? केलं असेल तर सांगा, मी कोणाला सांगणार नाही.' पोरगी भारी आगाऊ दिसते. वय झालं की पोरं बिघडतात, त्याला कोणी काही करावं लागत नाही, असं कळवा म्हटलं तिला.

आणखी चार चित्रं सोबत आहेत. यातलं एकही पसंत पडलं नाही तर तूच काढून दाखव एकदा. लहानपणी बरी काढायचीस की.

ताई


८ एप्रिल

चिंगे,

चारही चित्रांवर फुल्या मारून, वर नववं प्रकरण जोडून पाठवलंस. वाचलं. मग खिडक्या उघडल्या, कारण खोलीत कुबट वास येतोय असं वाटायला लागलं. वास कशाचाच नव्हता.

म्हणजे असं आहे तर. दिव्यांच्या गावात शिकायला घेतात ते वीस निखारे घेऊन येणाऱ्यालाच. ढालवालीकडे आहेत बारा. ठिणग्या तापाने फणफणून झोपलाय. राखबाबा कंदील धरतात आणि ढालवाली त्याच्या मुठीतून एकेक करत आठ निखारे चिमट्याने उचलते. ती निघून जाते. ठिणग्याला जाग येते तर हात गार. राखबाबा म्हणतात, "या वयात विझतातच रे बाळा." सगळं गाव तेच म्हणतं. त्या दिवसापासून तो दारं आपटतोय.

हे छापायचं नाही.

ढालवाली असं करणारच नाही. सहा भाग मी तिला काढतेय, मला ती माहीत आहे. आणि केलंच असेल, तर तिची बाजू कुठे आहे? एक ओळ तरी लिहिलीस? तिला ती एकच संधी होती. ते वर्ष हुकलं असतं तर पुढे तिला कोणी दारात उभं केलं नसतं. ठिणग्याच्या हातात रोज नवे निखारे फुलत होते, त्याला चार वर्षं वेळ होता, आठ गेले तर असं काय आभाळ कोसळलं? पुन्हा फुलवायचे. त्याचे हात कोणी बांधले होते का? नाही फुलवले, फुगून बसला, जन्मभर फुगूनच बसला, हाही दोष तिचाच? आणि पानोपानी 'चोरी चोरी' काय लावलंयस? राखबाबा म्हणाले म्हणून तिने केलं. अठरा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसांपुढे काय बोलायचं असतं?

ढालवालीचं वय तू कुठेच लिहिलेलं नाहीस, हे आत्ता लक्षात आलं. मी अठरा लिहिलं. राहू दे. शाईने लिहिलंय, खोडत नाही.

वीस हा आकडा तू कुठून आणलास? आणि बारा?

तू हे सगळं विसरलीस, असंच मी धरून चालले होते. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. आपण दोघी पोरांच्या आया झालो. आई तर काही बोलायला उरलेली नाही. आता हे उकरून काढून कोणाचं भलं होणार आहे? वाचणाऱ्या पोरांचं? त्यांना उडणारे घोडे हवेत, घरातली घाण नको.

प्रकरण बदल. निखारे वाऱ्याने विझले म्हण, कोणीतरी चेटकीण आण, काहीही कर. नाहीतर दुसरा चित्रकार बघ. मी प्रकाशकांना अजून काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

ताई


२ मे

आज तुझा लिफाफा आला. आत पहिल्या भागातलं माझंच जुनं चित्र, आणि त्याला टाचणीने लावलेली कागदाची एक पट्टी. बोटभर रुंद, हातभर लांब. पिवळी पडलीय. खालच्या टोकाला तुझी सही, तुझ्या शाळेतल्या वळणाची. एक कड कात्रीने कापल्यासारखी नाही. ती ब्लेडने कापलेली आहे, सरळ, पट्टी धरून.

चित्रावर हिरव्या पेन्सिलीत: 'तेव्हाच शेगडीमागे केर काढताना मिळाली होती. वाळवी इतकं सरळ खाते का गं ताई?'

सगळ्या शेगडीत टाकल्या होत्या. मी स्वतः टाकल्या होत्या, दोन्ही मुठी भरून. जळताना बघत उभी होते.

म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं. त्याच आठवड्यात. चौदाव्या वर्षी. आणि आई तुला जेवायला वाढताना म्हणायची, "वाळवीला काय कळतं बाई कोणाची चित्रं आहेत ते," आणि तू भाताकडे बघत बसायचीस.

मी खोटं बोलले नव्हते, चिंगे. वाळवीचं आई बोलली होती. मी गप्प होते.

हे लिहून वाचलं आणि माझी मलाच घाण वाटली. आज एवढंच.


१७ मे

चिंगे,

पंधरा दिवस हातात काम धरलं नाही. आता सगळं लिहिते. कुठेही थांबले तर पुढे लिहिणार नाही.

कला महाविद्यालयाला वीस चित्रं लागत होती. माझी बारा झाली होती आणि तेरावं काही केल्या जमत नव्हतं. मुदतीला चार दिवस उरले होते. मी स्वयंपाकघरात बसून रडत होते. आई म्हणाली, "चिंगीची घे की. घरातलीच आहेत. तिला काय, ती बसल्या जागी पुन्हा काढेल." आईने हे भाजी निवडता निवडता म्हटलं, इतकं ते सोपं होतं. तू आतल्या खोलीत तापाने झोपली होतीस. तुझं फोल्डर पलंगाखाली होतं. मी जमिनीवर आडवी होऊन ते ओढलं, तेव्हा तुझा हात पलंगावरून खाली लोंबत होता. तो बाजूला करावा लागला.

आईने पट्टी धरली, ब्लेड मी चालवलं. तू सही नेहमी उजव्या कडेला, अगदी कागदाच्या काठाला खेटून करायचीस, त्यामुळे कापायला सोपं गेलं. हे वाक्य लिहून मी उठले आणि हात धुऊन आले.

आठ कागद बोटभर कमी झाले. मग सगळे सारखे दिसावेत म्हणून माझेही बारा बोटभर कापले. वीस पट्ट्यांचा ढीग झाला, त्यातल्या बारा कोऱ्या. सगळा ढीग उचलून शेगडीत टाकला. त्या गडबडीत तुझी एक मागे पडली असणार.

मुलाखतीत परीक्षकांनी भराभर कागद उलटले. माझ्या बाराही चित्रांवर त्यांची नजर थांबली नाही. तुझं तिसरं आलं आणि ते थांबले. आठवतं ना, उवा झाल्या म्हणून आईने तुझे केस मुलासारखे बारीक कापले होते, आणि तू चिडून आरशात बघून स्वतःचंच चित्र काढलं होतंस? ते.

"हा मुलगा कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "असाच. कल्पनेतला."

"फार जिवंत आहे," ते म्हणाले आणि माझ्या अर्जावर सही केली.

घरी आले तेव्हा तू दारात उभी होतीस. "आवडली का गं त्यांना तुझी चित्रं?" मी 'हो' म्हटलं आणि आत गेले. पुढे तू रंगांची पेटी कचऱ्यात टाकलीस, जेवायची नाहीस, दार आपटून आपटून कडी तोडलीस. आत्या म्हणाली वयच तसं. शाळेतल्या बाईही म्हणाल्या वयच तसं. आणि मी होस्टेलवरून आईला काय लिहिलं माहीत आहे? 'चिंगीचे फार लाड करू नकोस. वयच तसं असतं.' हे मी लिहिलं, चिंगे. तुझ्या आठ चित्रांवर मिळालेल्या खोलीत, तुझ्या आठ चित्रांवर मिळालेल्या टेबलाशी बसून.

आणि मी तिथेही थांबले नाही. पंधरा वर्षांपूर्वी तुझं पहिलं हस्तलिखित प्रकाशकांनी माझ्याकडे दिलं. नऊ वर्षांचा नायक, चेहरा हवा. महिनाभर मी चेहरे काढले, सगळे बाहुल्यांसारखे निर्जीव. मग कपाटाच्या तळातून तुझं तिसरं चित्र काढलं, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि गाल थोडे भरले. झाला ठिणग्या. तू मुखपृष्ठ बघितलंस आणि म्हणालीस, "छान आहे. ओळखीचा वाटतो." मी मनात म्हटलं, वाचले, ही विसरली. बक्षिसं, मुलाखती, सगळं त्या चेहऱ्यावर झालं. 'तुमचा ठिणग्या कसा सुचला?' म्हणून विचारलं की मी दर वेळी तेच सांगायचे. असाच. कल्पनेतला. दर वेळी हसून. त्या हसण्याचे फोटो घरात भिंतीवर आहेत, काल सगळे उतरवले. बघवेनात.

स्वतःच्याच चेहऱ्यावर सहा भाग लिहिलेस तू, तेही न बोलता. आई असेपर्यंत माझ्याशी बोलत राहिलीस, ती आईसाठी. हे मला आत्ता कळतंय. कळत होतं आधीही, पण मी तिकडे बघत नव्हते.

आता पान एकशे अकराचं. तू म्हणतेस फसवलेला हवा, आणि मी बारा चित्रं काढून हरले. का, ते काल कळलं. मी दारात 'हो' म्हटलं तेव्हा खाली वाकून चपला काढत होते. बराच वेळ काढत होते. पट्टा अडकला नव्हता, तरी. तुझ्याकडे मी पाहिलंच नाही. तो चेहरा मी कधी बघितलेलाच नाही, तर काढणार कुठून?

तुझी आठ चित्रं या पार्सलात आहेत. ती पट्टी तिसऱ्याची आहे. कडेला लावून पाहिली, बरोबर बसते. सोबत एक कोरा कागद आहे, पान एकशे अकराच्या मापाचा. ते तू काढ.

नववं प्रकरण बदलू नकोस. ढालवालीचं वय अठरा घाल. तिची चित्रं मी नव्याने काढतेय, या वेळी ढाल नाही, हातात चिमटा.

माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे काम तुझ्यावर येऊन पडतं, आणि तुझ्याकडून फुकट कामं मी बरीच करून घेतलीत.

प्रकाशकांकडे जाऊन सगळं सांगून आले. पुस्तकात काय छापायचं तेही लिहून दिलं: 'ठिणग्याचा मूळ चेहरा, भाग एक ते सात: लेखिका.' ते गांगरले. "मॅडम, घरातली गोष्ट आहे, लोकांना काय करायचंय?" म्हणाले. माझ्या चहात साखर ढवळत होते. लोकांना काय करायचंय! आई असंच बोलायची. मला त्या चहाचा घोट गिळवेना.

ताई


५ ऑगस्ट

चिंगे,

तुझं पान जूनमध्येच प्रकाशकांकडे पोचलं. बरोबर चिठ्ठी नव्हती. मला त्यांनी ऑफिसात बोलावून दाखवलं.

अंगठा चुकलाय. डावा कान खाली घसरलाय. मनगटाची रेघ तीनदा गिरवलीयस, तिन्ही वेळा वाकडी गेलीय. पस्तीस वर्षांनी पेन्सिल धरली की हेच होणार. पुटकुळ्या मात्र सगळ्या आहेत, पिकलेल्यासुद्धा.

आणि तो चेहरा. मला वाटलं होतं तो मुठीकडे बघत असेल, तुझ्या गोष्टीत तसंच आहे. तो मुठीकडे बघत नाही. मूठ उघडी आहे आणि तो समोर, जरा खाली बघतोय, कोणीतरी त्याच्या पुढ्यात वाकलेलं असावं तसा. रडत नाही, चिडलेला नाही. वाट बघतोय. समोरचं माणूस मान वर करेल म्हणून.

मी खुर्चीवर बसले होते, तरी कुठेतरी बसायला हवं असं वाटत राहिलं.

प्रकाशक म्हणाले, "चेहरा जबरदस्त आहे. तेवढा अंगठा तुम्ही नीट करून द्याल का?"

मी म्हटलं, "या कागदाला मी हात लावणार नाही. तुम्हीही लावू नका."

आज सकाळी बाइंडरकडे गेले होते. कधी जात नाही, आज गेले. छापलेले कागद दुमडून, शिवून तयार होते, गठ्ठे कटिंग मशीनशी लावलेले. कटिंगवाल्याने वरचं पुस्तक उघडून दाखवलं. तुझी सही उजव्या काठाला खेटून, अगदी तशीच, तेव्हा करायचीस तिथेच.

"बाई, ही जाणार," तो म्हणाला. "या कडेने आम्ही बोटाच्या पेराएवढं तरी कापतो. कोणी नवीन माणसाने काढलंय का? काठाला सही करायची नसते, एवढंही सांगितलं नाही कोणी?"

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "कापू नका."

"न कापता पुस्तक होतं का? पानं खालीवर दिसतील."

"कापा, पण सहीच्या पलीकडून. कागद आहे ना तेवढा?"

"कागद आहे. पण मग हे पुस्तक आधीच्या सहांपेक्षा रुंद होईल. शेजारी ठेवलं की बाहेर आलेलं दिसेल. दुकानदार बोंब मारतील."

"मारू दे."

त्याने प्रकाशकांना फोन लावला. प्रकाशक माझ्यावर ओरडले, मग मुखपृष्ठ अजून छापायचं आहे हे आठवून जरा शांत झाले, मग पुन्हा ओरडले. मी फोन कटिंगवाल्याच्या हातात परत दिला आणि मशीनजवळ उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, मागे व्हा, पातं आहे." मी म्हटलं, "मला माहीत आहे पातं काय असतं. तुम्ही खूण करा, मी बघते." त्याने खूण केली. मी ती दोनदा पुढे सरकवायला लावली. मग पातं खाली आलं. मी डोळे मिटले नाहीत. खाली पडलेल्या पट्ट्या सगळ्या कोऱ्या होत्या. मी वाकून एकेक उचलून पाहिली. तो मला वेडी समजला असेल.

मुखपृष्ठ नसलेली एक प्रत मागून घेतली आणि घरी आणली. पान एकशे अकरावर सही पूर्ण आहे, शेवटच्या अक्षराच्या टोकासकट. आधीच्या सहांच्या शेजारी ठेवून पाहिलं. कटिंगवाला बरोबर बोलला होता, बोटभर बाहेर येतं. कपाटाचं दार त्यावर अडकतं, लागत नाही. ते तसंच उघडं ठेवलंय.

ताई